औंढ्याचं लायगो : बोअर, डीजे आणि भूकंप. गावात काय सांगू?

कयाधूकाठ

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असतो, पण आता धागा काढणं भाग आहे.

आमचं आजोळ औंढा नागनाथ तालुक्यातलं. गुरुत्वीय लहरी (कृष्णविवरांच्या टकरीसारख्या घटनांतून अवकाशातच उठणारे तरंग) टिपणारं लायगो-इंडिया केंद्र जिथे होतंय तिथून मामाचं शेत फार लांब नाही. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने २,६०० कोटी मंजूर केले तेव्हा घरच्या ग्रुपवर पेढ्यांचे फोटो आले होते. पुढच्याच महिन्यात पंतप्रधानांनी दिल्लीतून पायाभरणी केली, तेव्हा पुन्हा फोटो. आता पेढे संपलेत आणि प्रश्न सुरू झालेत.

मामेभाऊ परवा फोनवर म्हणाला, "दादा, तू पुन्याला राहतो, तुला ठाव असंल. ती मशीन चालू झाली की आमाला बोअर मारू देनार न्हाईत म्हन्तेत. खरं का?" यात गावातल्या चर्चेची आणखी भर. लग्नात डीजे बंद. रात्री ट्रॅक्टर काढला की दंड. आणि सगळ्यात भारी म्हणजे, ही भूकंपाची मशीन आहे आणि मार्च २०२४ मध्ये जमीन हादरली ती हिच्यामुळेच. तेव्हा मशीनचा स्क्रूसुद्धा तिथे बसला नव्हता, पण पारावर हे कोण ऐकून घेणार?

माझे प्रश्न दोनच. इतकं नाजूक यंत्र हादरे बसणाऱ्या भागात का? आणि शेजारच्या गावांनी खरोखर गप्प बसायचं आहे का?

माझं मत आधीच सांगून टाकतो. केंद्र आलंच पाहिजे. पण आपण शहरातली माणसं आइन्स्टाइन-आइन्स्टाइन करत नाचतो आणि ज्याच्या बांधाला लागून हे सगळं होतंय त्याला कोणी चार ओळी नीट समजावून सांगत नाही, याचा राग येतो. पाडव्याला गावी चाललोय. पारावर बसून सांगता येईल असं काहीतरी द्या.

साबुदाणावडा

डीजे बंद होणार असेल तर एक लायगो सदाशिव पेठेतही द्या. चार किलोमीटरच्या दोन भुजा मावणार नाहीत, पण आम्ही अ‍ॅडजस्ट करून घेऊ. दुपारी १ ते ४ शांतता आम्ही फुकट पुरवतो.

गप्पिष्ट

+१. अनंत चतुर्दशीचा डेटा बघायला मजा येईल. "दोन कृष्णविवरं की दोन मंडळं?"

प्रकाशवर्ष

कयाधूकाठ, प्रश्न चांगले आहेत. माझी नोकरी लेझरमधली, लायगोशी थेट संबंध नाही, पण या यंत्राचं वेड जुनं आहे. जरा लांबण लागेल.

पारावर पहिलं हे सांगा की हे यंत्र जमिनीत काही सोडत नाही, काही फोडत नाही. काटकोनात दोन नळ्या, प्रत्येकी ४ किलोमीटर. मध्ये लेझरचा झोत दुभागतो, अर्धा इकडे जातो, अर्धा तिकडे, टोकाच्या आरशांवरून परत येतो. गुरुत्वीय लहर गेली की एक भुजा किंचित लांबते, दुसरी किंचित आखूड होते, आणि परत आलेल्या दोन झोतांचं जुळणं बिघडतं. किंचित म्हणजे किती? प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाइतकं. १४ सप्टेंबर २०१५ ला पहिल्यांदा लहर सापडली ती अशीच. सूर्याच्या ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं १३० कोटी प्रकाशवर्षांवर एकमेकांत विलीन झाली आणि तीन सूर्यांइतकं वस्तुमान लहरींच्या रूपाने निघून गेलं. यंत्राला ते जाणवलं सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यापुरतं. एवढं नाजूक यंत्र भूकंप घडवू शकत नाही, उलट भूकंपाचा त्यालाच त्रास.

आता आवाजाचं. जमीन कधीच स्थिर नसते. समुद्राच्या लाटांमुळे दर पाच-दहा सेकंदांना एक झोका, असा सगळा खंडच हलत असतो. माणसांची वर्दळ, गाड्या, कारखाने यांची कंपनं साधारण सेकंदाला १ ते ३० वेळा. म्हणून यातले आरसे जमिनीवर ठेवलेले नसतातच. ४० किलोचा काचेचा आरसा चार टप्प्यांच्या लंबकाच्या तळाशी टांगलेला असतो, शेवटच्या टप्प्यात काचेच्याच चार तंतूंवर, तंतूची जाडी ०.४ मिलिमीटर. तो लंबक पुन्हा अशा चौथऱ्यावर, जो जमिनीचं हलणं मोजून उलट दिशेला सरकतो. शिवाय दर वेळी निदान दोन ठिकाणी तीच खूण उमटावी लागते. औंढ्याच्या बोअरची धडधड अमेरिकेतल्या लायगो केंद्रांत उमटत नाही, त्यामुळे बोअरला कोणी कृष्णविवर समजणार नाही. नळीला खेटून खडी फोडायला बसलात तर गोष्ट वेगळी.

भूकंपाच्या भागात का, तर जागा निवडताना वर्षातल्या चार धक्क्यांपेक्षा रोजची कुरकुर जास्त बघितली जाते. समुद्र लांब हवा, रेल्वे, हमरस्ता आणि मोठे कारखाने लांब हवेत, आणि काटकोनात चार-चार किलोमीटर सपाट जमीन मिळायला हवी. भारतात हे सगळं एकत्र शोधून बघा किती जागा उरतात. धक्का बसला की यंत्राचा मेळ सुटतो, तो पुन्हा बसवतात, काही तास जातात. जगाच्या दुसऱ्या टोकाला मोठा भूकंप झाला तरी अमेरिकेतल्या यंत्रांचं हेच होतं, आणि असे भूकंप तर होतच असतात.

सुलभाताई_नांदेड

प्रकाशवर्ष, माहिती छान दिलीत. पण "वर्षातले चार धक्के" लिहायला सोपं आहे हो.

२१ मार्च २०२४ ला सकाळी सहा वाजून गेले होते. मी चहा टाकला होता. आधी मांडणीवरच्या स्टीलच्या ताटल्या एकमेकींना लागून किणकिणायला लागल्या, मग गॅसवरच्या पातेल्यातला चहा काठाला लागला, आणि मग कळलं की आपणच हलतोय. ४.५ रिश्टर. केंद्र कळमनुरी तालुक्यात. दहा मिनिटांनी पुन्हा ३.६ चा. सगळी गल्ली रस्त्यावर. जुलैत परत तेच, परत ४.५. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदेच्या लोकांना विचारा, तिकडे जमिनीतून गडगड आवाज येतो हे वर्षानुवर्षं चाललंय. तिथली माणसं थंडीतही अंगणात झोपलेली आहेत. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट मराठवाड्यात अजून कोणी विसरलेलं नाही.

मी शाळेत विज्ञानच शिकवलं, केंद्राच्या विरोधात बिलकुल नाही. पण गावातली माणसं "भूकंपाची मशीन" म्हणतात ती अडाणीपणाने नाही, भीतीने म्हणतात. आरशाला चार टप्प्यांचा लंबक, आणि आमच्या घरांना? दगड-मातीच्या भिंती आणि वर पत्रे, पत्र्यांवर दगड ठेवलेले. मार्चमध्ये प्रशासनाने तेच सांगितलं, पत्र्यावरचे दगड काढा म्हणून.

गप्पिष्ट

ताई, प्रतिसाद वाचून हसू थांबलं. खरंय.

प्रकाशवर्ष

सुलभाताई, घरांबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य, त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

यंत्रापुरतं सांगतो. वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्डच्या केंद्राने हे भोगलंय. फेब्रुवारी २००१ मध्ये त्या राज्यात ६.८ चा भूकंप झाला आणि तिथल्या यंत्राला इजा झाली. दुरुस्त करून पुढे चालवलं. आरशांच्या भोवती मिलिमीटरभर अंतर सोडून अडसर बसवलेले असतात, जोराचा हिसका बसला तर आरसा त्यांच्यावर टेकतो, तंतूंवर सगळा भार येत नाही. शिवाय दूरच्या भूकंपाच्या लाटा पोचायच्या आत इशारा मिळतो, तेव्हा यंत्राला सांभाळून चालवण्याच्या अवस्थेत नेतात. ४.५ चा धक्का नीट बांधलेल्या इमारतीला काही करत नाही. प्रश्न "नीट बांधलेल्या" या दोन शब्दांचाच आहे आणि तो लायगोच्या कुंपणाबाहेरचा आहे.

बॅटनरूजकर

लुइझियानातून हजर! लिव्हिंगस्टनचं लायगो आमच्या घरापासून पाऊण तासाच्या आत. ठराविक शनिवारी लोकांना आत सोडतात, पाहुणे आले की आमची एक फेरी ठरलेली. पोरांना भौतिकशास्त्राचे खेळ खेळायला मिळतात, मोठ्यांना एसी.

कयाधूकाठ, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथल्या इतिहासात आहे. हे केंद्र पाइनच्या जंगलात आहे आणि ते जंगल लाकूडतोडीचं. कंपन्यांची माणसं करवती आणि ट्रॅक्टर घेऊन येतात, झाडं पाडतात, ओंडके ओढून नेतात. झाड पडलं की धप्प. शिवाय जवळून मालगाडी जाते. सुरुवातीच्या वर्षांत दिवसा यंत्राचा मेळच बसेना, काम काय ते रात्री. मग काय केलं? लाकूडतोड्यांना हाकललं? नाही. २००४ मध्ये यंत्राच्या पायाखाली हायड्रॉलिक टेकू बसवले, जमीन हलली की ते आपोआप उलट हलतात. त्यानंतर यंत्र दिवसाही चालायला लागलं. लाकूडतोड अजून चालूच आहे.

तेव्हा तुमच्या मामेभावाला सांगा, इथे शेजाऱ्याने गप्प बसायच्या ऐवजी यंत्रच सोशीक झालं.

अवांतर: हॅनफर्डच्या कावळ्यांचा किस्सा माहीत आहे का? २०१७ च्या उन्हाळ्यात तिथल्या डेटात टकटक अशा खुणा दिसायला लागल्या. शोधत गेले तर द्रव नायट्रोजनच्या थंडगार पाइपवर बर्फ जमलेला आणि त्यावर चोचींचे ठसे. तहानलेले डोमकावळे बर्फ टोचून खात होते. पाइपवर वेष्टण चढवलं, कावळे गेले.

साबुदाणावडा

कोट्यवधी डॉलरचं यंत्र आणि शेवटी प्रश्न एकच, काव काव कोण करतंय.

औंढ्याचे कावळे पितृपक्षातले आहेत, बर्फावर भागणार नाही. खीर ठेवावी लागेल.

रोखठोक

कौतुकसोहळा चालू आहे म्हणून जरा मिठाचा खडा टाकतो. २,६०० कोटी! हिंगोली जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकर लागतात, हळदीचा भाव पडला की वसमतच्या मोंढ्यात शेतकरी डोक्याला हात लावून बसतो. आणि आपण सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यासाठी नळ्या टाकणार. यातून गावाला काय मिळणार ते एका वाक्यात सांगा. "विज्ञानाची प्रगती" सोडून.

मुळामुठा

रोखठोक, समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर, खर्च साधारण ५५ हजार कोटी. म्हणजे २,६०० कोटींत सुमारे ३३ किलोमीटर रस्ता. तोही एका वर्षात नाही, अनेक वर्षांत मिळून.

रोखठोक

रस्त्यावरून माल जातो. तुमच्या नळीतून काय जाणार?

गप्पिष्ट

प्रकाश.

रोखठोक

आवडलं. पण प्रश्न तसाच आहे. आणि टँकरचे पैसे आणि संशोधनाचे पैसे एकाच पेटीतून येत नाहीत हे मलाही कळतं, तो मुद्दा कृपया कोणी आणू नये. माझा प्रश्न हिंगोलीच्या पोराला आत काम मिळेल का, एवढाच आहे. की तो गेटवर वॉचमन आणि आतमध्ये सगळे पुण्या-बंगळुरूचे?

वायरमन

रोखठोक साहेब, या प्रश्नात मला रस आहे, कारण मी आयटीआयवालाच. मराठवाड्यातलाच. वेल्डिंग आणि इलेक्ट्रिकल दोन्ही केलंय.

अमेरिकेतल्या नळ्या कशा केल्या ते वाचून बघा. तीन मिलिमीटर जाडीचा स्टेनलेसचा पत्रा सर्पिलाकार गुंडाळून वेल्ड केलेला, सव्वा मीटर व्यासाची नळी, वीस-वीस मीटरचे तुकडे जागेवर जोडलेले. सगळं मिळून आठ किलोमीटर, आणि त्यात सुईच्या टोकाएवढी गळती चालत नाही. कारण आत जवळपास काहीच हवा नको, हवेचे रेणू झोताच्या वाटेत आले की गोंधळ. बॉयलरच्या पाइपला एखादा पिनहोल राहिला तर वाफ शिट्टी मारून सांगते. इथे काही ऐकू येत नाही, हेलियम सोडून यंत्राने हुंगावं लागतं.

पुढची गंमत अशी की आतला पत्रा स्वतःच ओल सोडत असतो. ती घालवायला नळीतूनच सुमारे २,००० अँपिअर करंट सोडून तिला दीडशे अंशांच्या आसपास तापवली, तीही काही आठवडे सलग. नळीच हीटर! हे वाचल्यावर मी दोन मिनिटं गप्प बसलो. आमच्याकडे दोन मोटारी एकदम चालू केल्या तरी डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळतो आणि नवा डीपी यायला पीक वाळून जातं.

सांगायचं हे की असं काम पीएचडीवाले एकटे करत नाहीत. वेल्डर लागतो, फिटर लागतो, व्हॅक्यूम पंप सांभाळणारा लागतो, चोवीस तास कंट्रोल रूममध्ये बसणारा लागतो. पण हे शिकवायला आजच सुरुवात झाली पाहिजे. हिंगोली-नांदेडच्या आयटीआयमध्ये निर्वात तंत्राचा साधा कोर्स काढला तरी पुष्कळ झालं. केंद्र उभं राहिल्यावर कोर्स काढलात तर वेल्डर बाहेरून येणार, मग आमची पोरं खरंच गेटवर.

सुलभाताई_नांदेड

वायरमन, टाळ्या. हा प्रतिसाद वर्तमानपत्रात यायला हवा.

रोखठोक

एका वाक्यात मागितलं होतं, पण उत्तर मिळालं. कोर्सचा मुद्दा बरोबर आहे. २,६०० कोटींवरचा माझा आक्षेप निम्मा मागे घेतो. निम्मा राखून ठेवतो, कारण तत्त्वतः मान्यता फेब्रुवारी २०१६ ची, अंतिम मंजुरी एप्रिल २०२३ ची. सात वर्षं! पहिली लहर जाहीर झाली त्यानंतर आठवड्याभरात मान्यता देऊन टाळ्या घेतल्या आणि मग फाइल फिरत बसली. आता २०३० म्हणतात. तोवर अमेरिका-युरोप-जपान सगळं शोधून बसतील, आपण नळी तापवत बसू.

मुळामुठा

उशिराबद्दल सहमत, त्यात सारवासारव नको. पण "सगळं शोधून बसतील" याला मात्र हरकत. आपल्या केंद्राचा मुख्य उपयोगच मुळात बाकीच्यांपासून लांब असण्यात आहे.

दोन केंद्रं असली की लहर एकीकडे आधी, दुसरीकडे नंतर पोचते, आणि त्या फरकावरून दिशा काढतात. अमेरिकेतली दोन एकमेकांपासून ३,००० किलोमीटरवर, फरक जास्तीत जास्त १० मिलिसेकंदांचा. तेवढ्यावरून आकाशात एक लांबलचक पट्टा मिळतो. २०१५ च्या लहरीचा पट्टा सुमारे ६०० चौरस अंशांचा होता. पौर्णिमेचा चंद्र ०.२ चौरस अंश, म्हणजे तीन हजार चंद्र मावतील एवढ्या आकाशात दुर्बीण कुठे लावणार? १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन तारे आदळले तेव्हा इटलीतलं व्हर्गो हे असंच तिसरं यंत्र नुकतंच सामील झालं होतं. पट्टा ३० चौरस अंशांपर्यंत आला आणि अकरा तासांच्या आत चिलीतल्या दुर्बिणीला १३ कोटी प्रकाशवर्षांवरची ती दीर्घिका सापडली. सोनं-प्लॅटिनमसारखी जड मूलद्रव्यं अशा टकरींत तयार होतात, हे त्यानंतरच्या प्रकाशातून दिसलं. आपल्या नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनेही त्याचा पाठपुरावा केला होता. औंढ्यापासून अमेरिकेतली केंद्रं पृथ्वीच्या पोटातून सरळ मोजली तरी साडेदहा ते साडेअकरा हजार किलोमीटर, म्हणजे फरक ३५ मिलिसेकंदांच्या वर जाऊ शकतो. शोधायचं आकाश त्या मानाने आखडतं.

आणि हे केंद्र आपल्याकडे येण्याची गोष्टही सरळ नाही. हॅनफर्डला एकाच नळीत दोन यंत्रं होती. सुधारित लायगोच्या वेळी तिसऱ्या यंत्राचे भाग तिथे न बसवता दुसऱ्या देशात न्यायचे ठरलं. पहिली संधी ऑस्ट्रेलियाला होती. २०११ मध्ये त्यांच्याकडे पैशांचं जमलं नाही आणि ती आपल्याकडे आली. पण ती आली कारण इथे माणसं तयार होती. २००९ मध्येच त्यांनी इंडिगो नावाने गट बांधला होता. पुण्याच्या आयुका या खगोलसंशोधन संस्थेत संजीव धुरंधर यांनी १९९१ मध्ये सत्यप्रकाश यांच्यासोबत, गोंगाटातून लहरीची खूण कशी गाळून काढायची याचं गणित मांडलं. भरल्या आठवडी बाजारात आई आपल्या पोराची हाक ओळखते, तसं लहरीचा आकार आधी ठाऊक असेल तर ती गोंगाटात ओळखता येते. तो आकार काढण्याच्या किचकट गणितात बंगळुरूचे बाला अय्यर होते. विलीन झाल्यावर कृष्णविवर घंटेसारखं घुमून शांत होतं, हे सी. व्ही. विश्वेश्वरांनी १९७० मध्येच दाखवलं होतं. तेव्हा असं यंत्र बनेल यावर बहुतेकांचा विश्वास नव्हता. नारळीकरांनी आयुकात या विषयाला जागा दिली, त्या काळी ते धाडसच होतं.

गप्पिष्ट

आठवडी बाजारात पोरगं हाक मारत नाही, भेळेच्या गाड्यापाशी सापडतं. बाकी वाचनखूण साठवली.

बॅटनरूजकर

मुळामुठा, एक भर. २०२५ मध्ये अमेरिकेच्या अर्थसंकल्पी प्रस्तावात लायगोचा निधी इतका कापायचा होता की दोनपैकी एकच केंद्र चालेल. इथल्या मंडळींच्या तोंडचं पाणी पळालं होतं. एकाच केंद्रावर दिशाही कळत नाही आणि खात्रीही पटत नाही. तेव्हा "अमेरिका सगळं शोधून बसेल" असं समजू नका रोखठोक, उद्या औंढ्याची गरज इकडेही भासू शकते.

अवांतरानंद

एवढा ऊहापोह झाला पण नागनाथाचं नाव कोणी घेतलं नाही! आठवं ज्योतिर्लिंग आहे ते. आणि नामदेवांना गुरू भेटले ते औंढ्यातच. विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पडलेले, नामदेव म्हणाले पाय काढा, विसोबा म्हणाले जिथे देव नाही तिथे उचलून ठेव. पाय ठेवावेत तिथे पिंड. आता त्याच गावात सगळीकडून येणाऱ्या लहरी मोजणार. योगायोग म्हणा.

द्वारकावासी

नागेश्वर ज्योतिर्लिंग द्वारकेजवळ आहे. "दारुकावने" असं स्तोत्रात स्पष्ट म्हटलंय.

अवांतरानंद

दारुकावन म्हणजेच औंढा. हेमाडपंती मंदिर बघून या आधी.

द्वारकावासी

मंदिर जुनं असणं हा पुरावा नव्हे.

साबुदाणावडा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

संपादक मंडळ

ज्योतिर्लिंगाच्या स्थानावर स्वतंत्र धागा आहे आणि तो याच कारणाने वाचनमात्र केलेला आहे. पुढचे सहा प्रतिसाद उडवले आहेत. कृपया विषयावर या.

कयाधूकाठ

सगळ्यांचे आभार. पाडवा झाला, गावी जाऊन आलो, आता अहवाल.

पारावर बसलो. लाकूडतोड्यांची गोष्ट सांगितली, ती सगळ्यात चालली. कावळ्यांची त्याहून. "म्हन्जे आमचा डीजे त्यांना अमेरिकेच्या मशीनशी ताडून बघावा लागंल तर," असं एकाने काढलं आणि विषय तिथेच मिटला. बोअरचंही पटलं. वायरमन यांचा प्रतिसाद मोबाइलवर वाचून दाखवला. मामाचा धाकटा नातू आयटीआयला फिटर ट्रेडला आहे, त्याने तो तिथेच स्वतःला फॉरवर्ड करून घेतला.

भूकंपाचं मात्र इतक्या सहज गेलं नाही. "मशीन हादरे करत नाही" इथपर्यंत आले, पण मामेभावाने मग जो प्रश्न टाकला तो मला एकट्याला झेपला नाही. तो म्हणाला, "आकाशाचं ऐकायला यवढी मशीन आनली, मग पांगऱ्याच्या भुईत काय गडगडतंय त्ये बी सांगंल का?"

प्रकाशवर्ष, मुळामुठा, उत्तर द्या. मी म्हटलं विचारून सांगतो.

प्रकाशवर्ष

भावाला सलाम सांगा.

सरळ उत्तर: लेझरचं मुख्य यंत्र हे सांगणार नाही, ते सेकंदाला १० कंपनांच्या खालचं बहुतेक सगळं टाकूनच देतं. पण टाकून द्यायचं तर आधी ते मोजावं लागतं. म्हणून अशा केंद्रात दर इमारतीत कंपनमापक असतात, वाऱ्याचे, आवाजाचे, चुंबकीय क्षेत्राचे मापक असतात, आणि ते रात्रंदिवस नोंद करतात. यंत्रात काही खुट्ट झालं की पहिला प्रश्न हाच, जमीन हलली होती का? म्हणजे हिंगोली जिल्ह्यातला बारीकसारीक हादरा तिथे नोंदला जाणार.

कारण शोधणं हे भूकंपशास्त्रज्ञांचं काम, आणि त्याला एका जागेची नोंद पुरत नाही. हादरा नेमका कुठे आणि किती खोल झाला ते काढायला निदान तीन-चार ठिकाणचे कंपनमापक लागतात. पण औंढ्याचा एक उत्तम, सतत चालणारा बिंदू मिळाला तर बाकीचे पांगरा, कळमनुरी, वसमत असे पसरून बसवता येतील. मागायचंच असेल तर गावाने हे मागावं. केंद्रातल्या कंपनमापकांची नोंद जिल्ह्याला आणि विद्यापीठाला मिळावी, आणि आणखी तीन-चार बसवावेत. कंपनमापकाचा खर्च २,६०० कोटींपुढे चिल्लर आहे.

सुलभाताई_नांदेड

एक कंपनमापक शाळेतही बसवा. मुलं रोज बघतील, रात्री ट्रक गेला की रेघ कशी थरथरते आणि खरा धक्का आला की कशी. पारावरच्या दहा भाषणांपेक्षा जास्त काम होईल. मी निवृत्त असले तरी महिनाभर येऊन शिकवायला तयार आहे. पत्र्यावरच्या दगडांचं मात्र पुन्हा सांगते, कयाधूकाठ, तुमच्या मामांच्या घरावरचे काढलेत का?

कयाधूकाठ

ताई, गोठ्यावर अजून आहेत. आजच फोन करतो. कंपनमापकाचा ठराव ग्रामसभेत मांडायचं मामेभावाने मनावर घेतलंय, मसुदा मी लिहितोय. प्रकाशवर्ष, व्यनि (व्यक्तिगत निरोप) बघा.

रोखठोक

मसुद्यात आयटीआय कोर्सची मागणी पण घाला. राखून ठेवलेला निम्मा आक्षेप तेव्हा काढेन.

वायरमन

आणि डीपी.

साबुदाणावडा

मे महिन्यात औंढ्याला जायचं म्हणतोय, मंदिर आणि लमाण तांड्यावरची भाकरी दोन्ही. पुण्याहून रेल्वेने बरं की बसने?

कयाधूकाठ

परभणीपर्यंत रेल्वेने या, तिथून हिंगोलीच्या एसटीत बसा, औंढा वाटेतच लागतं. हिंगोलीला उतरलात तर उलट यावं लागेल, पंचवीसेक किलोमीटर. मे मध्ये दुपारी मात्र फिरू नका, ऊन काढून घेतं.